यंदाचं संगीत नाटक: जुनं, नवं की मुंबईचं म्युझिकल?

आयर्विन पुलाखालचं पाणी ओसरलं, गणपती गेले, की सांगलीत नाटकांच्या जाहिरातींकडं लक्ष जायला लागतं. त्याआधी सगळ्यांचं लक्ष पाणी किती फुटांवर आहे याकडंच असतं. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेसारखा, म्हणजे तिथल्या बड्या नाट्यगृहांच्या पट्ट्यासारखा, आपल्याकडं मोसम आखीव नसतो. तिकडं नाटकांना मिळणाऱ्या टोनी पुरस्कारांच्या पात्रतेची मुदत एप्रिलअखेरीस संपते, म्हणून नवी म्युझिकल्स मार्च-एप्रिलमध्ये दाटीवाटीनं उघडतात. आपल्याकडं दसऱ्यापासून उन्हाळ्यापर्यंत जे येईल तो मोसम. मध्ये 5 नोव्हेंबरचा रंगभूमी दिन येतो आणि विष्णुदास भावे गौरवपदक दिलं जातं. सांगलीपुरता तोच नाट्यवर्षाचा पाडवा.

संगीतातलं काहीतरी बघायचंच, असं ठरवलेल्या घरापुढं साधारण तीन वाटा असतात. जुन्या संगीत नाटकाचा नव्या संचातला प्रयोग, नव्या संहितेचं संगीत नाटक, किंवा सरळ मुंबई गाठून परदेशी म्युझिकल. चौथी वाट राज्य संगीत नाट्य स्पर्धेची, तिच्याकडं नंतर येतो. खिसा आणि सुट्ट्या दोन्ही मोजक्या असतील तर माझं मत आधीच सांगून टाकतो: पहिला पैसा नव्या मराठी संगीत नाटकावर घाला. जुनी नाटकं शंभर वर्षं येतच आहेत, पुढंही येतील. मुंबईचा एक खेळ हुकला तर नंतर दुसरा येईल. नवं संगीत नाटक मात्र सांगलीत एकदा येतं. दुसऱ्यांदा येईल का, हे त्याच्या निर्मात्यालाही सांगता येत नाही.

जुनं, पण नव्या संचात

इथं सांगलीकरानं तटस्थ राहणं अवघड. विष्णुदास भाव्यांनी 1843 साली 'सीतास्वयंवर' केलं ते इथंच. 'शारदा' आणि 'संशयकल्लोळ' लिहिणारे देवल हरिपूरचे. 'मानापमान' आणि 'स्वयंवर'चे खाडिलकर जन्मानं सांगलीचे. बालगंधर्व रंगभूमीवर पहिल्यांदा उभे राहिले ते 1905 मध्ये मिरजेत. त्यामुळं बरीचशी तिकिटं 'आपलं नाटक' म्हणूनच काढली जातात. अभिमान जरा बाजूला ठेवला तर दिसतं, की सगळी जुनी नाटकं आजच्या प्रेक्षकाला सारखी झेपत नाहीत.

1880 च्या 'शाकुंतल'मध्ये दोनशेच्या वर पदं होती. रात्रभर नाटक बघणाऱ्या प्रेक्षकासाठी ते ठीक होतं. आज तीन तासांत बसवायचं तर निम्म्याहून जास्त पदांवर काट मारावी लागते, आणि काय ठेवलं यावरच प्रयोगाची चव ठरते. 'मानापमान' (1911) बघायला जायचं ते गोविंदराव टेंब्यांच्या चालींसाठी. गोष्ट तशी पातळ आहे, हे खाडिलकरांच्या गावात बोलायचं म्हणजे धाडसच, पण आहे. घरात शाळकरी मुलं असतील तर 'संशयकल्लोळ' सगळ्यांत निर्धोक. त्याचं मूळ एका फ्रेंच प्रहसनात आहे, ते इंग्रजीमार्गे देवलांकडं आलं. 1916 मध्ये ते पदांसह रंगभूमीवर आलं आणि अजून हसवतं. फाल्गुनरावाचा संशय समजायला रागदारी कळावी लागत नाही.

'कट्यार काळजात घुसली' (1967) या यादीत जरा वेगळं बसतं. पुरुषोत्तम दारव्हेकरांच्या त्या नाटकात गाणं हाच गोष्टीचा विषय आहे, दोन घराण्यांचा झगडा आहे. त्यामुळं 'आता पद आलं, गोष्ट थांबली' असं कुठं होत नाही. घरात कुणी गाणं शिकत असेल आणि हे नाटक जवळपास लागणार असेल, तर वर दिलेलं माझं मत विसरा आणि आधी हेच बघा.

जुन्या नाटकांची खरी अडचण नटांची आहे. गाणारा मिळतो, बोलणाराही मिळतो. दोन्ही करणारा क्वचित. पदाला टाळ्या घेणारा गायक संवादाला आला की पाठांतर म्हणून दाखवतोय असं वाटतं, आणि देवलांचं गद्य तर फार चटपटीत आहे, ते अशा तोंडी मरतं. म्हणून संच बघताना गाण्यातलं नाव मोठं आहे एवढ्यावर भुलू नका. त्यानं आधी गद्य नाटकात काही केलंय का, तेही बघा.

नवी संहिता

नव्या संगीत नाटकाचं नाव काढलं की काही मंडळी लगेच म्हणतात, आता ते दिवस गेले. हे म्हणणं 1960 च्या आसपासही होतं. मग 1964 मध्ये 'मत्स्यगंधा' आलं. जितेंद्र अभिषेकींनी पदं आटोपशीर केली, चाली प्रसंगाला बांधल्या, आणि त्या गाण्यांवर पुढची पिढी वाढली. अगदी अलीकडचं उदाहरण 2017 च्या 'संगीत देवबाभळी'चं. रंगमंचावर दोन बायका, तुकोबांची आवली आणि रखुमाई. ना राजवाडा, ना उपवन, ना लांबलचक ताना. नवीन लेखकाचं नाटक, तरी महाराष्ट्रभर लोकांनी ते डोक्यावर घेतलं. प्राजक्त देशमुखांनी जे केलं ते सगळ्यांना जमेल असं नाही, पण दार उघडं आहे हे त्यातून कळलं.

यंदाच्या नव्या नाटकाची जाहिरात हाती आली की ती कशी वाचायची, हे जास्त कामाचं. शीर्षकाच्या आधी 'संगीत' लिहायला काही लागत नाही. श्रेयनामावलीत खाली उतरा. संगीतकाराचं नाव असतंच. त्यानंतर ऑर्गन, तबला किंवा इतर साथीदारांची नावं आहेत का? असतील तर वाद्यं समोर वाजणार. नसतील तर बहुधा ट्रॅकवर, म्हणजे आधीच ध्वनिमुद्रित केलेल्या संगीतावर काम आहे. ट्रॅक म्हणजे फसवणूक असं माझं म्हणणं नाही; दौऱ्याचा खर्च बघता काही निर्मात्यांना तेवढंच परवडतं. पण फरक मोठा पडतो. समोर तबला असला की नट एखादी जागा पुन्हा घेतो, प्रेक्षक 'वन्समोअर' देतो, आणि तो प्रयोग त्या रात्रीचा होतो. ट्रॅकला वन्समोअर कळत नाही. आणि नट स्वतः गातोय की ओठ हलवतोय, हा त्याच्याही पुढचा प्रश्न. तिकीट खिडकीवर सरळ विचारा, लोक सांगतात.

मग बघायचं कधी? शुभारंभाच्या प्रयोगासाठी पुण्या-मुंबईला धावण्यात मला अर्थ वाटत नाही. पहिल्या काही प्रयोगांत नाटक लांबलेलं असतं, दोन पदं जास्तीची असतात, प्रकाशयोजनेचे घोळ चालू असतात. सांगलीला येईपर्यंत ते कापून-घासून जागेवर येतं. हा मोफस्सलच्या प्रेक्षकाचा फायदा, त्याची जाहिरात कुणी करत नाही. तोटेही आहेतच. दौऱ्याला नेपथ्य कधी कधी आटोपशीर करून आणतात, मूळ नट मालिकेच्या चित्रीकरणात अडकला तर बदली नट येतो. निर्माते सांगली, कोल्हापूर, इचलकरंजी असे प्रयोग जोडून लावतात, म्हणजे ट्रक-बसचं भाडं वाटून निघतं; त्यामुळं आपल्या वाट्याला मंगळवारची रात्रही येऊ शकते. कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह 2024 च्या ऑगस्टमध्ये जळालं, तेव्हा या पट्ट्यातल्या दौऱ्यांचं गणितही बिघडलं होतं.

आसनाचं म्हणाल तर भावे नाट्यमंदिर असो, दीनानाथ असो की मिरजेचं बालगंधर्व, पहिली रांग टाळा. माईक असला तरी साथीदार एका बाजूला बसतात आणि अगदी पुढं वाद्य कानात, शब्द मागं असं होतं. मधल्या पाचव्या ते दहाव्या रांगेत पद सगळ्यांत स्वच्छ ऐकू येतं. प्लॅन उघडला, म्हणजे तिकीटविक्री सुरू झाली, की त्या रांगा आधी जातात, एवढं लक्षात असू द्या.

मुंबईचं म्युझिकल

2023 च्या मार्चमध्ये बीकेसीला, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात, नीता मुकेश अंबानी सांस्कृतिक केंद्र उघडलं आणि परदेशी म्युझिकल बघायला लंडनला जायची गरज उरली नाही. तिथलं ग्रँड थिएटर 2000 आसनांचं. त्याच वर्षी मे महिन्यात 'द साउंड ऑफ म्युझिक' झालं, 2025 च्या मार्चमध्ये 'द फँटम ऑफ द ऑपेरा'. फँटम ब्रॉडवेवर 1988 पासून 2023 पर्यंत एकाच थिएटरात चालत होतं. एक नाटक एका जागी पस्तीस वर्षं बसतं, म्हणून तिथल्या यंत्रांवर, जमिनीखालच्या व्यवस्थेवर पैसा ओतता येतो. आपलं नाटक रोज गाव बदलतं; त्याच्याकडं 'फँटम'सारखं झुंबर कोसळवण्याची अपेक्षा करणं हा अन्याय आहे. उलट, देवल-खाडिलकरांच्या नाटकात जसा नट रागाच्या चौकटीत मोकळा सुटतो, तसं तिकडं होत नाही. तिकडं प्रत्येक मात्रा बांधलेली, रोज तीच. दोन्हींत कौशल्य आहे, मजा निराळी.

आता खर्च. सांगलीत मराठी नाटकाचं पुढचं तिकीट साधारण 400-500 रुपयांत मिळतं. चौघांचं घर 2000 च्या आसपास नाटक बघून, मध्यंतरात वडा खाऊन घरी येतं. मुंबईच्या बड्या खेळाला बरी जागा हवी तर माणशी काही हजार धरा, वर प्रवास आणि जेवण. गाडीनं निघालात तर अंतर पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास. त्यापेक्षा महालक्ष्मी एक्सप्रेस सोयीची: रात्री मिरजेला बसायचं, सकाळी दादरला उतरायचं, भुयारी मेट्रोनं बीकेसी. इथं एक साधी गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. परतीची महालक्ष्मी मुंबईहून रात्री साडेआठच्या सुमाराला निघते. म्हणजे संध्याकाळचा खेळ घेतलात तर मुक्काम आलाच. शनिवार-रविवारी दुपारचा खेळ मिळाला तर त्याच रात्री गाडी पकडून सोमवारी कामावर हजर. वेळापत्रक बघून मगच तिकीट काढा, उलटं करू नका.

भाषेचंही बघावं लागतं. गाणी इंग्रजी, आणि गोष्टीतला महत्त्वाचा मजकूर गाण्यातच असतो. आधी कथा वाचून आणि गाणी एकदा ऐकून गेलात तर निम्मी लढाई जिंकलीत. घरातल्या सत्तरीच्या आईला न्यायचं असेल तर खरंच विचार करा. रात्रीचा प्रवास, दिवसभर थांबणं आणि अडीच तास न कळणारी भाषा. तिला भाव्यात 'सौभद्र' दाखवणं जास्त प्रेमाचं होईल. कॉलेजातल्या पोराला मात्र नेपथ्य आणि प्रकाश कुठपर्यंत जाऊ शकतात हे एकदा दाखवायलाच हवं. त्याच्यासाठी बाल्कनीची मधली जागाही चालते. समूहनृत्याची रचना वरून जास्त चांगली कळते. फार बाजूची जागा स्वस्त मिळाली तरी घेऊ नका.

घरबसल्या बघण्याचं काय? 'हॅमिल्टन' या ब्रॉडवेच्या म्युझिकलचं मूळ संचातलं चित्रण 2020 पासून ओटीटीवर आहे आणि चित्रण म्हणून ते उत्तम आहे. प्रवासाचा निर्णय घेण्याआधी, हा प्रकार आपल्याला झेपतो का, हे तपासायला त्याचा उपयोग करा. तेवढाच.

स्पर्धेची रांग

राज्य संगीत नाट्य स्पर्धेचं केंद्र जवळ पडलं तर ती बातमी पेपरात आतल्या पानावर असते, आणि तिकीट नाममात्र. इथं रत्नागिरीच्या खल्वायनसारख्या मुरलेल्या संस्थाही असतात आणि पहिल्यांदाच उभे राहणारे हौशी गटही. दर्जा वरखाली होतो. एखाद्या संध्याकाळी पडदा अडकतो, सूत्रधार शब्द विसरतो. पण नव्या संहितेची संगीत नाटकं जितकी इथं दिसतात तितकी व्यावसायिक रंगभूमीवर दिसत नाहीत, आणि ऑर्गन-तबला इथं समोरच वाजतो. आठवडाभर रोज जायचं आणि मध्यंतरापर्यंत रंगलं नाही तर घरी यायचं, ही चैन इतर कुठल्याच वाटेवर परवडत नाही. गाणं शिकणाऱ्या मुलीला घेऊन जायचं तर ही जागा मला मुंबईच्या 2000 आसनांपेक्षा जास्त मोलाची वाटते. तिच्याहून दोन-चार वर्षांनी मोठी मुलगी स्टेजवर उभी राहून पद म्हणताना तिला दिसते.

तेव्हा माझ्या हिशेबात नवं मराठी नाटक पहिलं, स्पर्धा लागली तर तिच्या दोन-तीन संध्याकाळी, आणि उरलेल्या पैशांत आई बरोबर असेल तर जुनं नाटक, नसेल तर मुंबई. जोडप्यानं दोघांनीच जायचं आणि खर्चाची फार चिंता नसेल, तर क्रम खुशाल फिरवा: मुंबईचं तिकीट आधी काढा, कारण त्या खेळांचा मुक्काम काही आठवड्यांचा असतो आणि दुपारच्या खेळाच्या मधल्या जागा लवकर संपतात. मराठी नाटकाला तेवढी घाई नसते. प्रयोगाच्या आधीच्या आठवड्यात संध्याकाळी नाट्यगृहावर चक्कर मारली तरी सातवी-आठवी रांग मिळते, आणि ऑर्गनवर कोण बसणार हेही तिथंच विचारता येतं.