सिरिल : सॉफ्टवेअर एक, संगणक तीन

मुलुंडच्या आमच्या गच्चीवरून जानेवारीतल्या स्वच्छ रात्रीही मृगाचे चार पाय आणि त्याच्या पोटात रुतलेला व्याधाचा बाण एवढेच काय ते नीट दिसते. बाणाखालचा एम ४२ हा तेजोमेघ कॅमेऱ्यात पकडण्यासाठी यंदा वांगणीपर्यंत जावे लागले. ताऱ्यांच्या गतीने कॅमेरा फिरवणाऱ्या स्टार ट्रॅकरवर डीएसएलआर ठेवून ३० सेकंदांच्या १०० फ्रेम्स टिपल्या आणि त्या एकमेकींवर रचून त्यांतून एक चित्र काढण्यासाठी सिरिल हे मोफत सॉफ्टवेअर घरातल्या तीन संगणकांवर बसवले : माझा विंडोजचा लॅपटॉप, भाचीचा एम १ चिप असलेला मॅकबुक एअर आणि उबंटू या लिनक्सवर चालणारा जुना डेस्कटॉप. हे परीक्षण मुख्यतः त्या बसवण्याचे आहे, कारण चित्र कसे खुलवावे यावर भरपूर लिहिले जाते आणि पहिल्याच संध्याकाळी माणूस अडतो तो मात्र त्याच्या आधीच्या पायरीवर.

आधी नावाविषयी थोडेसे. विंडोजवर ख्रिस्तियान ब्वील यांचे इरिस नावाचे खगोलचित्रांचे सॉफ्टवेअर होते. त्याचे इंग्रजी नाव उलटे वाचून शेवटी लिनक्सचा ‘एल’ जोडला की सिरिल होते. म्हणजे याचे माहेर लिनक्स आहे आणि विंडोज व मॅक नंतरचे. असे असूनही सर्वांत कमी त्रास मला विंडोजवरच झाला, हे थोडे गमतीचे आहे.

विंडोजवर अधिकृत संकेतस्थळावरून इन्स्टॉलर उतरवायचा, दोन-चार वेळा ‘नेक्स्ट’ म्हणायचे, की काम झाले. एक गोष्ट तेवढी लक्षात ठेवावी. खास खगोलचित्रणाच्या कॅमेऱ्यातून थेट फिट्स या खगोलचित्रांच्या खास प्रकारच्या फाइल्स येत असतील, तर सिरिल त्यांच्या प्रती न काढता नुसत्या सिम्बॉलिक लिंक, म्हणजे मूळ फाइलकडे बोट दाखवणाऱ्या खुणा, तयार करू शकते. परंतु विंडोजवर त्यासाठी सेटिंग्जमधला ‘डेव्हलपर मोड’ चालू असावा लागतो. तो नसेल तर प्रत्येक फाइलची खरीखुरी प्रत निघते आणि डिस्क विनाकारण भरत जाते.

डिस्क भरण्याचा हा मुद्दा किरकोळ नाही. माझा कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा आहे. सिरिल नेहमीच्या मांडणीत ३२ बिटांत हिशेब ठेवते, म्हणजे प्रत्येक पिक्सेलला तीन रंग आणि प्रत्येक रंगाला ४ बाइट, म्हणून रंगीत झालेली एक फ्रेम २८८ एमबीची होते. अशा १०० फ्रेम्सचे २८.८ जीबी झाले. सिरिलसोबत येणारी तयार स्क्रिप्ट, म्हणजे ओळीने लिहिलेल्या आज्ञांची फाइल, आधी डार्क-फ्लॅटची (सेन्सरचे दोष आणि भिंगाची असमान उजळी घालवणारी) दुरुस्ती केलेला एक संच लिहिते आणि मग तारे जुळवून घेतलेला दुसरा, त्यामुळे ५७ जीबीच्या वर जागा नुसत्या मधल्या फाइल्सनीच खाल्ली. मी हा सारा पसारा चित्रांच्या नेहमीच्या फोल्डरमध्ये मांडला होता आणि त्या फोल्डरची क्लाउडवर आपोआप प्रत ठेवण्याची सोय मीच कधीतरी चालू केलेली होती. घरातले इंटरनेट संध्याकाळभर का रांगते आहे, हे रात्री साडेअकराला कळले. दुसऱ्या दिवशी लॅमिंग्टन रोडवरून १ टीबीची बाहेरची एसएसडी आणली. प्रामाणिकपणे सांगायचे तर या मोफत सॉफ्टवेअरचा खरा खर्च तो.

ती एसएसडी तिन्ही संगणकांवर चालावी म्हणून एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केली. या पद्धतीत सिम्बॉलिक लिंकची सोयच नाही, तेव्हा फिट्सवाल्यांनी विचार करून ठरवावे. डीएसएलआरच्या रॉ फाइल्सचे मुळातच रूपांतर करावे लागत असल्याने माझे काही बिघडले नाही.

मॅकवर इन्स्टॉलच्या दोन स्वतंत्र डीएमजी फाइल्स मिळतात, एक इंटेल प्रोसेसरसाठी आणि दुसरी अ‍ॅपलच्या स्वतःच्या चिपसाठी. भाचीने घाईने इंटेलची उतरवली. इंटेलसाठीचे सॉफ्टवेअर नव्या चिपवर चालवून घेणाऱ्या रोझेटाच्या आधाराने ती चालतेही, त्यामुळे चूक लवकर ध्यानात येत नाही. संगणक मंद वाटतो एवढेच. ‘अबाउट धिस मॅक’ उघडून तिथे ‘चिप’ लिहिले आहे की ‘प्रोसेसर’, एवढे पाहून मगच फाइल निवडावी. पुढे सिरिलने एसएसडी वाचण्याची परवानगी मागितली, तेव्हा मी सवयीने ‘नको’ म्हटले आणि नंतर पाऊण तास फोल्डर का उघडत नाही म्हणून केबल बदलत बसलो. ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’मधील फाइल्स आणि फोल्डर्सच्या यादीत ती परवानगी पुन्हा देता येते.

उबंटूवर मार्ग अनेक आहेत आणि नवख्याची अडचण तीच आहे. उबंटूच्या स्वतःच्या भांडारातून घेणे सर्वांत सोपे वाटते, पण दीर्घकालीन आवृत्तीच्या भांडारातले सॉफ्टवेअर बहुधा जिथल्या तिथे थांबलेले असते. माझ्या डेस्कटॉपवर १.० मालिकेतले सिरिल आले, विंडोजवर मात्र १.२ होते. लॅपटॉपवरची स्क्रिप्ट इकडे आणून चालवली, तर ती पहिल्याच ओळीवर थांबली, कारण ‘किमान अमुक आवृत्ती हवी’ अशी अट स्क्रिप्टच्या आरंभी लिहिलेली असते. ती ओळ खोडून टाकण्याचा शहाणपणाही मी करून पाहिला, पण १.२ मध्ये ‘प्रीप्रोसेस’ या आज्ञेचे नावच ‘कॅलिब्रेट’ झाले आहे आणि जुन्या सिरिलला ती नवी आज्ञा कळत नाही. शेवटी ते काढून टाकले आणि फ्लॅटहब या संकेतस्थळावरून फ्लॅटपॅक, म्हणजे कोणत्याही लिनक्सवर चालणारे पॅकेज, घेतले. त्याच्यासोबत ते चालण्यासाठी लागणारे गनोमचे रनटाइमही उतरते, म्हणून पहिल्या खेपेस डाउनलोड बरेच मोठे होते. तरी माझी शिफारस त्यालाच आहे. अ‍ॅपइमेजचा, म्हणजे न बसवता थेट चालणाऱ्या एकाच फाइलचा, पर्यायही आहे, मात्र त्या फाइलला आधी चालवण्याची परवानगी द्यावी लागते. ती दिली नाही तर दोनदा क्लिक करूनही पडद्यावर काही हलत नाही.

उबंटूवरची आणखी एक खोच मला कोणी आधी सांगितली असती तर बरे झाले असते. तयार स्क्रिप्टला लाइट्स (आकाशाच्या मूळ फ्रेम्स) आणि डार्क्स, फ्लॅट्स व बायसेस (दुरुस्तीसाठीच्या फ्रेम्स) या नावांचे चार फोल्डर लागतात आणि ती नावे इंग्रजी लहान अक्षरांत असावी लागतात. विंडोजवर मी नीटनेटकेपणाने प्रत्येक नावाचे पहिले अक्षर मोठे काढले होते. विंडोजने ते चालवून घेतले, मॅकनेही घेतले. तेच फोल्डर उबंटूच्या होम फोल्डरमध्ये उतरवल्यावर मात्र स्क्रिप्टला ते सापडेनात, कारण लिनक्सच्या लेखी मोठे आणि लहान अक्षर वेगळे असते.

सॉफ्टवेअर आतून तिन्हीकडे एकच आहे : तेच मेनू, त्याच स्क्रिप्ट्स आणि उजवीकडे सरकणारा तोच लॉग. चित्र टिपण्याच्या सॉफ्टवेअरचे असे नसते. उदाहरणार्थ, नीना हे तसले सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालते. रचण्याचे काम मी आता उबंटूच्या डेस्कटॉपवरच करतो, कारण तो रात्रभर एका कोपऱ्यात घुमत राहिला तरी घरात कोणाचे काम अडत नाही. भाचीने आपल्या मॅकवरची इंटेलची प्रत पुसून योग्य ती बसवली आहे आणि माझ्या १०० फ्रेम्समधल्या ढग आलेल्या १४ फ्रेम्स वेचून काढायला ती मागच्या रविवारी एसएसडी घेऊन गेली, ती अजून परत आलेली नाही.