पीएचडी करायची, पण पगारासह: जेआरएफ की जर्मनी?

पैसे दोन्हीकडे मिळतात, पण क्रम उलटा आहे. आपल्याकडे आधी फेलोशिप मिळवायची, मग गाइड शोधायचा. जर्मनीत बहुतेकदा प्राध्यापकाच्या प्रकल्पाला निधी आधीच मंजूर असतो आणि त्यावर काम करायला माणूस हवा म्हणून जाहिरात निघते. निर्णय घेताना रकमेच्या आधी हा फरक बघावा, असं माझं ठाम मत आहे.

जेआरएफ म्हणजे नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून मिळणारी कनिष्ठ संशोधन फेलोशिप. तिचे जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये मिळतात. दोन वर्षांनंतर काम समाधानकारक ठरलं की एसआरएफचे, म्हणजे वरिष्ठ फेलोशिपचे, ४२,०००. शिवाय घरभाडे भत्ता, आणि एकूण मुदत पाच वर्षं. हे पैसे तुमच्या नावावर मंजूर होतात, त्यामुळे विषय तुमच्या मनाचा घेता येतो. बीडच्या ऊसतोड कामगारांचं स्थलांतर किंवा महानुभावांच्या पोथ्या असा विषय डोक्यात पक्का असेल, तर हे स्वातंत्र्य फार मोलाचं आहे.

अडचण येते ती गाइडची. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२च्या नियमांनुसार प्राध्यापकाकडे एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चारच विद्यार्थी असू शकतात. जेआरएफ हातात असूनही जागेअभावी थांबावं लागू शकतं. म्हणून निकालाची वाट न बघता कोणाकडे जागा रिकामी होणार आहे याची चौकशी आधीच सुरू करा. दुसरं, विद्यापीठाकडून दरमहा ऑनलाइन पुष्टी गेल्याशिवाय फेलोशिप खात्यात येत नाही. दोन-तीन महिन्यांचा खर्च गाठीशी ठेवूनच सुरुवात करा.

नेट झाली पण जेआरएफ हुकली, तर प्रवेशाचा मार्ग खुला राहतो, पैशांचा नाही. अशा वेळी बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिप बघा. त्या ठरावीक समाजघटकांसाठी आहेत आणि अर्ज पीएचडीची नोंदणी झाल्यावर करायचा असतो.

जर्मनीतल्या जाहिरातीत ‘टीव्ही-एल ई १३, ६५ टक्के, तीन वर्षं’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. म्हणजे सरकारी वेतनश्रेणीतल्या पूर्ण पगाराच्या ६५ टक्के. प्रयोगशाळेत मात्र दिवस पूर्णच जातो. कर आणि विमा वजा जाता हातात साधारण २,००० युरो पडतात. ही रीतसर नोकरी आहे, आरोग्यविमा आणि पेन्शनची वर्गणी त्यातच आली. विषय मात्र प्रकल्पाने ठरवलेला असतो.

जागा डीएएडी या जर्मन शैक्षणिक देवाणघेवाण संस्थेच्या आणि विद्यापीठांच्या संकेतस्थळांवर सापडतात. माक्स प्लांक या जर्मन संशोधन संस्थेच्या संशोधन शाळांचे अर्ज वेगळे निघतात. एकच पत्र पन्नास प्राध्यापकांना पाठवू नका. ‘मला संशोधनाची खूप आवड आहे’ हे सगळेच लिहितात. त्याऐवजी लिहा: ‘एम.एस्सी.च्या प्रकल्पात मी सोडियम-आयन बॅटरीचे कॅथोड तयार केले. वारंवार चार्ज केल्यावर त्यांची क्षमता का घटते, ते एक्सआरडीने तपासलं. तुमच्या जाहिरातीतला दुसरा प्रश्न इथूनच पुढे जातो.’ असं पत्र वाचलं जातं.

प्रयोगांवर चालणारं विज्ञान किंवा अभियांत्रिकी असेल, तर मी जर्मनीचे अर्ज आधी करायला सांगेन. मराठी, इतिहास, समाजशास्त्र असेल तर जेआरएफ. मन ठरत नसेल तर वय बघा. यूजीसीच्या जेआरएफला खुल्या प्रवर्गासाठी ३० वर्षांची मर्यादा आहे, महिलांना आणि मागास प्रवर्गांना पाच वर्षांची सवलत. तिशी जवळ आली असेल तर येणारी नेट सोडू नका, जर्मनीच्या जाहिराती वर्षभर निघत असतात.