मृगाला टाकलं की पोळ्याला संपणारं विंडोज, आणि त्याला पर्याय

कंपन्यांच्या ऑफिसातून निघालेला मिनी पीसी नागपूरच्या बर्डीवरून नाहीतर अमरावतीहून आणायचा, हे आता वर्धा-यवतमाळच्या खेड्यांत नवं राहिलेलं नाही. जाड वहीएवढा डबा, ६५ किंवा ९० वॅटचा अडॅप्टर, लाइन गेली तरी घरच्या इन्व्हर्टरवर निवांत चालतो. घोडं अडतं ते त्यात काय टाकायचं यावर. "विंडोज टाकून देतो ना भाऊ, फुकटात" असं दुकानदार म्हणतो, तेव्हा ते बहुतेक वेळा क्रॅक केलेलं, म्हणजे बिनपरवान्याचं असतं. ज्या मशीनवर गावातल्या लोकांचे आधार नंबर आणि बँकेचे ओटीपी फिरणार, तिथे ते नको. म्हणून या तुलनेत मी ते धरलेलंच नाही. उरतात तीन गोष्टी: मायक्रोसॉफ्टची ९० दिवसांची चाचणी आवृत्ती, लिनक्स मिंट आणि गूगलचं क्रोमओएस फ्लेक्स (या दोन्ही विंडोजऐवजी टाकायच्या फुकट ऑपरेटिंग सिस्टिम).

आधी मात्र मशीन फॉरमॅट करू नका. चालू करा, सेटिंग्जमध्ये जाऊन ‘अ‍ॅक्टिव्हेशन’ बघा. ब्रँडेड मशीनला बरेचदा विंडोज प्रोचा डिजिटल परवाना आधीच जोडलेला असतो. असेल तर तीच प्रो आवृत्ती नव्याने टाकून इंटरनेट जोडलं की ती आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होते, एक रुपया लागत नाही. आणि लोक हे न बघता वरून चाचणी आवृत्ती टाकतात! ती एंटरप्राइज, म्हणजे मोठ्या कंपन्यांसाठीच्या प्रकारची असते, प्रोचा परवाना तिला लागू पडत नाही. घरचं धान्य सोडून रेशनच्या रांगेत उभं राहण्यातला हा प्रकार.

परवाना नाहीच निघाला, तर पुढचं वाचा.

९० दिवसांचं विंडोज

हे मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून उघडपणे मिळतं. पण डाउनलोड पाच जीबीच्या आसपास आहे, त्यामुळे रोज दीड-दोन जीबीच्या मोबाइल पॅकवर ते उतरवायला बसू नका. तालुक्याला कुणाकडे फायबर असेल तिथून पेनड्राइव्हवर आणा. टाकल्यावर दहा दिवसांच्या आत इंटरनेटला जोडून अ‍ॅक्टिव्हेट करावं लागतं, तरच पूर्ण ९० दिवस मिळतात. मृग लागताना टाकलं तर पोळ्याच्या आगेमागे मुदत संपते. मग डेस्कटॉप काळा पडतो, कोपऱ्यात सूचना चिकटून बसते आणि मशीन दर तासाला आपोआप बंद होतं. लोडशेडिंग पचवलेल्या माणसालाही हे जड जातं, कारण इथे इन्व्हर्टर कामाचा नाही.

मुदत वाढवता येते. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘एसएलएमजीआर /डीएलव्ही’ दिलं की उघडणाऱ्या खिडकीत रीआर्म (मुदत पुन्हा सुरू करणं) किती वेळा शिल्लक आहे तो आकडा दिसतो. शिल्लक असेल तर ‘एसएलएमजीआर /रीआर्म’ द्यायचं आणि मशीन रीस्टार्ट करायचं (अक्षरं अर्थात इंग्रजीच टाइप करायची: slmgr /dlv आणि slmgr /rearm). इथे एक बारीक गोष्ट आहे. रीआर्मने उरलेल्या दिवसांत भर पडत नाही, मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. म्हणजे चाळीस दिवस हातात असताना घाईने केलं, तर ते चाळीस वाया गेले. अगदी शेवटच्या दोन-चार दिवसांत करायचं. ही युक्ती जुनीच आहे. विंडोज ७ च्या काळी ३० दिवसांची मुदत तीनदा रीआर्म करून लोक १२० दिवसांपर्यंत नेत.

कॉम्प्युटरची तारीख मागे करून दिवस वाचवायला जाऊ नका. तारीख चुकली की बँकेच्या आणि सरकारी साइट सुरक्षेची चूक दाखवून उघडतच नाहीत. जुन्या मशीनमध्ये लाइन गेल्यावर तारीख आपोआप मागे जात असेल, तर मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल गेलेला असतो. तो बदला, किरकोळ पैशांत काम होतं.

रीआर्मपेक्षा मोठी अडचण वेगळीच आहे. चाचणी आवृत्तीवर नंतर विकत घेतलेली ‘की’ (परवान्याचा कोड) चढत नाही. परवाना घेतला तरी सगळं पुसून नवी आवृत्ती टाकावी लागते. शिवाय ती वापरायची परवानगी फक्त चाचणीपुरती आहे, तिच्यावर सेवा केंद्राचा धंदा चालवायला नाही. वर आणखी एक पेच. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप), ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. स्वस्तात मिळणारे डबे बहुतेक सहाव्या-सातव्या पिढीचे असतात. त्यांच्यावर विंडोज १० बसतं, पण त्याचा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.

तरी ही आवृत्ती बिनकामाची नाही. अंगठा लावायचं यंत्र, टॅली किंवा एखादा जुना प्रिंटर या मशीनवर चालतो का, हे परवान्याचे पैसे टाकण्याआधी बघायला ९० दिवस भरपूर झाले. माझ्या मते तिचा उपयोग तेवढाच.

लिनक्स मिंट

डाउनलोड तीन जीबीच्या आसपास. एक्सएफसीई नावाचा हलका प्रकार घ्या, तो २ जीबी रॅमवर उभा राहतो आणि ४ जीबीवर बरा पळतो. मिंट २२ ला २०२९ पर्यंत सुरक्षेचे अपडेट आहेत. याची खरी चाचणी फार सोपी आहे: पेनड्राइव्हवरून चालू करा, हार्ड डिस्कला हातही लागत नाही. वाय-फाय, आवाज, प्रिंटर सगळं तपासा, नाही पटलं तर पेनड्राइव्ह काढून घ्या. वाय-फाय सापडत नसेल तर मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा, नेट लगेच मिळतं. पेनड्राइव्हवर केलेलं काम मात्र बंद केल्यावर उरत नाही. आणि इन्स्टॉल करायला बसलात तर डिस्क पुसायची की विंडोजशेजारी टाकायचं, हा प्रश्न दोनदा वाचून मगच उत्तर द्या.

सातबारा, महाडीबीटी, पोरांचे प्रवेश अर्ज ही कामं ब्राउझरमधली, ती इथे होतात. युनिकोड मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्डने लिहिता येते. श्रीलिपीसारखं विंडोजचं टायपिंग सॉफ्टवेअर मात्र सरळ चालत नाही.

प्रिंटरचं बघा. एचपीचे बरेच प्रिंटर लावले की चालतात. पण गावोगावच्या झेरॉक्सच्या दुकानात जो कॅननचा एलबीपी २९०० दिसतो, तो लिनक्सवर भल्याभल्यांचा घाम काढतो. तुमच्याकडे तोच असेल तर मिंट टाकायच्या आधी पेनड्राइव्हवरून एक पान छापून बघा. अंगठ्याच्या यंत्राचं सॉफ्टवेअर तर मुख्यतः विंडोज आणि अँड्रॉइड धरून बनवलेलं असतं, ते लिनक्सवर चालवायची खटपट करत बसू नका.

क्रोमओएस फ्लेक्स

४ जीबी रॅम आणि १६ जीबी जागा असली की झालं. हेही आधी पेनड्राइव्हवरून चालवून बघता येतं. चौथीतल्या पोराला दिलं तरी बिघडवू शकणार नाही इतकं साधं आहे, पण नेट नसेल तर हात बांधल्यासारखं होतं. अँड्रॉइड अ‍ॅप चालत नाहीत, आणि बाहेरून ड्रायव्हर टाकायची सोय नसल्यामुळे एखादं यंत्र ओळखलं नाही तर विषय संपला. कायमचं टाकलं तर डिस्क पूर्ण पुसली जाते, विंडोजशेजारी ठेवता येत नाही.

ग्रामपंचायतीच्या अभ्यासिकेत किंवा घरी अर्ज, अभ्यास आणि व्हिडिओ एवढंच असेल तर मी डोळे झाकून मिंट टाकतो. एमएस-सीआयटी किंवा टॅलीचा सराव करणाऱ्या पोरीला मात्र विंडोजच लागेल. आत परवाना असलेलं मशीन तिच्यासाठी शोधा. सेवा केंद्र टाकणाऱ्याने चाचणी आवृत्तीवर यंत्रं जोडून आठवडाभर बघावं आणि नंतर परवाना घ्यावा. हा परवाना कधी कधी मशीनच्या किमतीच्या जवळ जातो, म्हणून बर्डीवर घासाघीस करताना हजार-दोन हजार जास्त गेले तरी आठव्या पिढीचा, आत विंडोज प्रो अ‍ॅक्टिव्हेट असलेला डबा मागा. स्क्रीनवर ‘अ‍ॅक्टिव्हेटेड’ दिसल्याशिवाय पैसे देऊ नका, आणि आतला परवाना मूळ मशीनचा आहे हे पावतीवर मॉडेल नंबरसकट लिहून घ्या.