हाताने घडवलेल्या रंध्यांच्या नावाखाली २०,९५० रुपयांना फसवणूक

आधी आकडे सांगतो, म्हणजे "थोडक्यात निभावलं" असं कुणी म्हणणार नाही. लाकूड तासायच्या तीन लाकडी रंध्यांच्या संचासाठी आगाऊ ६,५०० रुपये. "माल तयार आहे" असा निरोप आल्यावर उरलेले ११,८००. पॅकिंग आणि विम्याचे १,२५०. आणि सगळं उघड झाल्यानंतर, पाती बदलून देतो म्हणून घेतलेले आणखी १,४००. एकूण २०,९५०. बदल्यात माझ्याकडे तीन ठोकळे आहेत, त्यातला सगळ्यात मोठा तडकलेला. आणि एक पातं आहे, ज्याची धार पहिल्याच फळीवर मुडपली.

पैसे कोणत्या क्रमाने मागितले जातात ते तुम्हाला माहीत आहे, ते उगाळत नाही. मला सांगायचंय ते रंध्याबद्दल. कारण हे रंधे विकणाऱ्या माणसाने मला पैशाच्या बोलण्यात फसवलं नाही, लाकडाच्या आणि पोलादाच्या बोलण्यात फसवलं.

मी नवखा नाही. स्वतःचे छोटे रंधे मी स्वतः केलेत: ठोकळ्याचे दोन्ही गाल चिरून वेगळे काढायचे, मधल्या तुकड्यात बैठकीचा, म्हणजे पातं टेकतं त्या जागेचा उतार कापायचा, गाल परत चिकटवायचे आणि मग तोंड, म्हणजे तळातली पात्याची फट, कानशीने हळूहळू उघडत न्यायचं. पण फळ्यांच्या कडा सरळ करायला लांब रंधा हवा होता, बावीस इंचांचा. एवढा लांब, जाड आणि आतपर्यंत वाळलेला ठोकळा सहज मिळत नाही. जाड लाकूड वाळायला वर्षं जातात. त्याच्याकडे तो तयार होता, म्हणून मी गेलो. यात हावरेपणा कुठे आला? स्वस्तात मिळतंय म्हणून उडी मारली असं मला आता सांगितलं जातंय, तर त्याची किंमत अजिबात स्वस्त नव्हती.

आणि तो बोलायचा कसा! पहिलाच प्रश्न, "तुमच्या लाकडाची रेषा सरळ असते की उलटसुलट? उलटसुलट असेल तर बैठक पंचेचाळीस अंशांऐवजी पन्नास ठेवू, लाकूड उचकटणार नाही." अगदी बरोबर. पाती जुनी, दोन थरांची आहेत म्हणाला: मागे मऊ लोखंड, धारेकडे कडक पोलादाचा पातळ थर, भट्टीत ठोकून एकजीव केलेला. तशी पाती खरोखर असतात, जुनी युरोपातली असतात आणि जपानी कान्ना रंध्याची आजही तशीच करतात. मऊ लोखंडामुळे धार लावायला सोपं जातं, पोलादामुळे ती टिकते. एवढं नेमकं बोलणाऱ्यावर मी संशय घ्यायचा तरी कशावरून?

त्याने दाखवलेल्या व्हिडिओत लांब रंधा चालत होता. फळीच्या पूर्ण रुंदीची, आरपार दिसेल इतकी पातळ ढलपी तोंडातून उलगडत वर येत होती. ती ढलपी पाहून माणूस हरतो. नीट ऐका: पातळ ढलपीने काहीही सिद्ध होत नाही. मऊ, सरळ रेषेचं लाकूड निवडा, पात्याला नुकतीच धार लावा, कुठलाही रंधा तशी ढलपी काढेल. मऊ पातंसुद्धा दोनचार हात मारेपर्यंत काढेल. विक्रेत्याला सांगा, गाठीच्या बाजूने, रेषेच्या उलट चालवून दाखव, आणि त्याच धारेवर सलग कठीण लाकूड रंधून दाखव. टाळाटाळ केली तर तिथेच फोन ठेवा.

आता ती जागा, जी आठवली की अजून डोकं तापतं.

उरलेले पैसे मागताना त्याने फोटो पाठवले. एका फोटोत लांब रंध्याच्या टोकाचा छेद स्पष्ट दिसत होता. वाढीची वलयं पूर्ण गोल होती आणि त्यांचा मध्य ठोकळ्याच्या आतच होता. म्हणजे खोडाचा मधला गरच ठोकळ्यात. रंधा करणारा माणूस असं लाकूड हातात धरणार नाही. लाकूड वाळताना वलयांच्या दिशेने जेवढं आकसतं, ते मध्यापासून सालीकडे आकसण्याच्या साधारण दुप्पट असतं. गर आत असेल तर हा ताण जायला वाट नाही, ठोकळा कधी ना कधी तडकणारच. मला हे माहीत आहे. मी ते पाहिलं. मी त्याला विचारलंसुद्धा! शिवाय व्हिडिओतल्या रंध्याची, पातं घट्ट धरणारी पाचर वरून गोल होती आणि फोटोतली सरळ कापलेली, तेही विचारलं. उत्तर तयार होतं: "गर तोंडाच्या पुढे संपतो, मागे नाही. आणि पाचर तुमच्यासाठी नवीन बसवली." गर खोडाच्या लांबीभर जातो, तो मध्येच संपेल कसा? पण त्या वेळी ६,५०० आधीच गेलेले होते आणि तो म्हणत होता की आज पैसे आले नाहीत तर संच दुसऱ्याला जाईल. अशा कात्रीत धरल्यावर विचार करायला जागा उरत नाही. मी ११,८०० पाठवले.

पार्सल आलं. रंगरूप सुंदर, गडद, मेणाने चकचकीत. पातं काढून कडेवर कानस फिरवली आणि कानस साबणात शिरावी तशी शिरली. पाणी दिलेल्या, म्हणजे तापवून विझवून कडक केलेल्या पात्यावर कानस घसरते, नाहीतर जेमतेम ओरखडा काढते. ही परीक्षा घरच्या घरी होते, पहिल्या दिवशी करा, धारेच्या अगदी जवळ करा. चुंबक लावून काही कळत नाही, साधं लोखंड आणि पोलाद दोन्ही चिकटतात. धारेचा उतार दगडावर घासून पाहिला, तर दोन थरांची रेषाच नाही, सगळं एकसारखं. पात्यावरचा जुना दिसणारा शिक्का ठशाने मारलेला नव्हता, यंत्राने कोरलेला होता: सगळी अक्षरं एकाच खोलीची. मग तळावर सरळपट्टी धरली. तिरपी धरली की एका कोपऱ्यात उजेड, दुसऱ्या तिरपीत मधोमध. तळ पिळलेला. थोड्याच दिवसांत गडद रंगाखालून तडा वर आला. भुसा आणि गोंद भरून तो आधीच लपवलेला होता. गडद रंग दिलेला नवा रंधा घेऊच नका, लाकूड चांगलं असेल तर ते झाकायचं कशाला?

मी खडसावलं तर तो इतका नरम आला की काय सांगू. "पाणी द्यायचं राहून गेलं असेल, पाती पाठवा, बदलून देतो, फक्त १,४०० भरा." दोन पाती पाठवली. ती आजतागायत आली नाहीत, फोन बंद. म्हणजे पैसेही गेले आणि पुरावाही मीच त्याच्या हातात दिला.

पण याहून जास्त संताप मला पुढच्या लोकांचा आहे. पोलिसांकडे गेलो. "माल मिळाला ना? मग फसवणूक कसली? हा तुमचा आपसातला व्यवहार." रंधा हातात देऊन दाखवला, तर "चालतोय की!" मी कानस काढून दाखवायला लागलो, तर अवजार आत ठेवा म्हणून दम दिला. बँक म्हणते पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, आम्ही काय करणार. ज्या संकेतस्थळावर जाहिरात होती ते म्हणतं परत करण्याची मुदत संपली, आणि पोलाद मऊ असल्याचं प्रमाणपत्र आणा. आणलं! उरलेल्या पात्याची कडकपणाची चाचणी करून घेतली, तिचे १,१८० रुपये वेगळे मोजले. चांगलं पातं रॉकवेल मापावर साधारण ५८ ते ६४ च्या दरम्यान असतं, हे त्याच्या जवळपासही नव्हतं. कागद पाठवला तर उत्तर आलं की जाहिरातीत कडकपणाचा आकडा लिहिलेला नव्हता, म्हणून तक्रार बंद. सोन्याच्या जागी पितळ दिलं असतं तर सगळे धावले असते. पात्याच्या जागी पट्टी दिली तर कुणाला फरक दिसत नाही, आणि त्या माणसाला हे पक्कं ठाऊक आहे. म्हणूनच तो रंधे विकतो.

तेव्हा पैसे देण्याआधी बैठकीचा कोन, लाकडाची जात, पात्याचं पोलाद आणि कडकपणाचा आकडा हे सगळं लेखी घ्या, फोनवरचं बोलणं कुणी धरत नाही. छेदाचे फोटो दोन्ही टोकांचे मागा. उघडताना व्हिडिओ करा आणि कानस त्याच व्हिडिओत फिरवा. जुना लोखंडी रंधा घेत असाल तर तोंडाच्या कडेला आणि गालांवर पितळी रेघ दिसते का बघा, तो सांधलेला तडा असतो.

माझी वरच्या पातळीवरची लेखी तक्रार चालू आहे. ज्यांच्याकडे गडद रंगाचे, कोरलेल्या शिक्क्याच्या पात्यांचे असे रंधे आलेत, त्यांनी आपापली तक्रार नोंदवा, एकट्याच्या कागदाला कुणी हात लावत नाही. आणि बदलून देतो म्हणाला तरी पाती त्याला परत पाठवू नका.