कुत्रा-मांजर असलेल्या घरासाठी व्हॅक्युम क्लिनर: सव्वा वर्ष वापरून लिहितेय

आमच्याकडे बंड्या म्हणून लॅब्रॅडॉर आहे, पाच वर्षांचा, आणि मनी, जी एका पावसाळ्यात गाडीखाली येऊन बसली ती घरचीच झाली. राहतो सांगलीत, विश्रामबागला. सासूबाईंना दमा आहे त्यामुळे घरातले केस हा आमच्याकडे नुसता स्वच्छतेचा विषय नाही, रात्रीच्या झोपेचा आहे. लॅबला दुहेरी कोट असतो, वर जाड केस आणि आत मऊ लव, ती वर्षभर गळते आणि उन्हाळा लागायच्या सुमाराला तर पुंजकेच्या पुंजके. केरसुणी मारली की केस पुढे पुढे पळतात आणि सुपलीत घ्यायला गेलं की उडून कपाटाखाली जातात. कामाच्या मावशी रोज म्हणायच्या, वहिनी हे केस काय झाडूचं ऐकत नाहीत बघा.

पहिला घेतला तो कॉर्डलेस, काठीसारखा उभा. बॉक्सवर 40 मिनिटं लिहिलेलं, पण ती सगळ्यात कमी स्पीडची, ब्रश न फिरवता. सोफ्यावरचे केस निघायला फुल स्पीड आणि फिरता ब्रश लागतोच, त्यावर आमचा दहा मिनिटांत बंद पडायचा, हॉल होऊन बेडरूमच्या दारात पोचेपर्यंत चार्ज संपलेला. वर ब्रशच्या दोन्ही टोकांना केस गुंडाळून तो जाम झाला आणि तेव्हा कळलं की त्यांचं सर्व्हिस सेंटर सांगलीतही नाही, मिरजेतही नाही. पाठवून परत यायला तीन आठवडे गेले. शेवटी शेजारच्या काकूंना दिला, त्यांच्याकडे प्राणी नाहीत, त्यांचं मस्त चाललंय त्यावर. म्हणजे मशीन वाईट नव्हतं, आमच्या घराचं नव्हतं.

दुसऱ्या वेळी मात्र दुकानात दोन तास बसले. दुकानदार पहिला आकडा सांगतात वॅटचा, "मॅडम 1600 वॅट आहे". वॅट म्हणजे मोटर वीज किती खाते ते, हवा किती ओढते ते नाही. युरोपात 2014 ला 1600 वॅटची मर्यादा घातली आणि 2017 ला ती 900 वर आणली, तिथली घरं काय घाण राहिली नाहीत, कंपन्यांनी ब्रश आणि हवेचा मार्ग सुधारला. सक्शन बघायचं तर किलोपास्कल विचारा, म्हणजे ओढ मोजायचं माप, आणि आपोआप फिरणाऱ्या रोबोट क्लिनरवर 4000 पास्कल असं मोठ्ठं लिहिलेलं असतं ते फक्त 4 किलोपास्कल होतात हे डोक्यात ठेवा. रोबोटचा विचार मी तिथंच सोडला, आमच्या जुन्या घरात प्रत्येक खोलीला उंबरा आहे, बहुतेक रोबोट साधारण दोन सेंटिमीटरच्या वर चढत नाहीत, आणि कुत्र्याने घरात कुठं शी केली असेल तर तो ती सगळ्या घरभर फिरवून ठेवतो.

घेतला शेवटी आडवा, चाकांवर ओढायचा, वायरवाला आणि पिशवीवाला. मॉडेलचे नंबर सारखे बदलतात म्हणून नावापेक्षा काय बघायचं ते सांगते. पिशवीवाला का, तर बिनपिशवीच्या डब्यात केस जाळीभोवती नमद्यासारखे बसतात, ते बोटांनी ओढून काढावे लागतात आणि काढताना बारीक धूळ तोंडावर येते. ज्या घरात दमा आहे तिथं हे नकोच. मांजराची ॲलर्जी म्हणतो ती खरं तर केसांची नसतेच, तिच्या लाळेतलं आणि कातडीतलं प्रोटीन असतं, ती अंग चाटते, ते वाळतं आणि बारीक होऊन हवेत तरंगतं. त्यामुळे मागून बाहेर पडणारी हवा कशी आहे हे केस ओढण्याइतकंच महत्त्वाचं. हेपा फिल्टर म्हणजे 0.3 मायक्रॉनचे 99.97 टक्के कण अडवणारा, पण नुसता फिल्टर हेपा असून भागत नाही, झाकणाच्या फटीतून हवा सुटत असेल तर काय उपयोग. दुकानात मशीन चालू करायला लावा आणि झाकणाच्या कडेने हात फिरवा, हवा लागली तर उठा.

ब्रशवर मात्र कंजूषी करू नका. आमच्याबरोबर साधा चपटा ब्रश आला, फरशीला तो बरोबर आहे, कारण कडक केसांचा फिरता ब्रश गुळगुळीत फरशीवर केस ओढायच्या आधी उडवतो. पण सोफा, गादी, सतरंजी याला छोटा टर्बो ब्रश वेगळा घेतला, हवेनं फिरतो, मोटर नाही, आणि सगळ्या खर्चात तोच सगळ्यात वसूल झालाय. आठवड्यातून एकदा त्याच्या रोलरवरचे केस कात्रीने उभे कापून काढते, पाच मिनिटांचं काम. मनीची रोजची झोपायची खुर्ची आहे तिथं मात्र आधी रबरी हातमोजा किंचित ओला करून फिरवायचा, केसांची गुंडाळी होते, मग मशीन.

पिसवांच्या बाबतीतही फायदा झाला. ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीच्या 2007 च्या अभ्यासात व्हॅक्युममध्ये ओढल्या गेलेल्या पूर्ण वाढ झालेल्या पिसवांपैकी 96 टक्के मेलेल्या सापडल्या होत्या. प्राण्यांच्या डॉक्टरांचं औषध चालूच ठेवायचं, पण सोफ्याच्या सांदीतली अंडी ओढून निघतात हे खरंच.

आता न आवडलेलं. वायर पाच मीटर, जिन्याला पुरत नाही. पिशवी अर्धी भरली की कुत्र्याचा वास यायला लागतो, म्हणून पूर्ण भरायची वाट न बघता काढते, त्यामुळे पिशव्यांचा खर्च वाढतो. मोटरच्या आधीचा फिल्टर धुता येतो पण पूर्ण वाळल्याशिवाय बसवायचा नाही, आणि जुलैत आमच्याकडे दोन-दोन दिवस काही वाळत नाही, एकदा घाईत ओलसर बसवला तर आठवडाभर घरात कुबट वास. आता दुसरा फिल्टर आणून ठेवलाय. घ्यायच्या आधी दुकानात हे नक्की विचारा की पिशव्या आणि फिल्टर इथंच मिळतात का.

आवाजाचं सांगायचं राहिलं. कुत्र्या-मांजरांना आपल्यापेक्षा खूप वरच्या पट्टीतले आवाज ऐकू येतात, आपल्याला नुसती घरघर वाटते ती त्यांना टोचते. पहिले चार दिवस मशीन बंदच हॉलमध्ये ठेवलं, त्यावर बंड्याची बिस्किटं ठेवली, मग दुसऱ्या खोलीत दार लावून चालू केलं. दोन आठवडे लागले. बंड्या आता शेजारी पडून राहतो, मनी अजूनही वायर काढलेली दिसली की माळ्यावर जाते, तर तिला आधी आत जाऊ देते आणि मगच बटण दाबते.