विमानप्रवासाची भीती : गोळी की सराव?

विमानात बसण्याच्या विचारानेच ज्यांच्या छातीत धडधड सुरू होते, त्यांच्यापुढे बहुधा दोन मार्ग येतात : उड्डाणापूर्वी घ्यायची अल्प्राझोलमसारखी चिंताशामक गोळी, किंवा मानसोपचारतज्ज्ञाच्या मदतीने भीतीला टप्प्याटप्प्याने सामोरे जाण्याचा सराव.

गोळीचा परिणाम साधारण तासाभरात जाणवतो आणि अचानक निघालेल्या प्रवासात हा फायदा मोठाच असतो. मात्र १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, पहिल्या उड्डाणात अल्प्राझोलम घेऊन निर्धास्त राहिलेल्यांना आठवड्याने गोळीविना केलेल्या दुसऱ्या उड्डाणात, आधी औषधाचा अंश नसलेली गोळी घेतलेल्यांपेक्षा अधिक घबराट झाली. कारण विमान सुरक्षित असते हे शिकण्याची संधीच गोळी हिरावून घेते. शिवाय ती डॉक्टरांच्या चिठ्ठीविना घेऊ नये, आणि मद्याबरोबर तर मुळीच नाही, कारण त्याने श्वसन मंदावू शकते.

सरावाला काही आठवडे लागतात. त्यात आधी इंजिनाचे आवाज ऐकणे, हवेतील धक्के वाऱ्याच्या अनियमित प्रवाहांमुळे बसतात हे समजून घेणे, मग मुंबई–गोवा असा छोटा प्रवास करणे, आणि धडधड आपोआप ओसरेपर्यंत तिच्यापासून न पळणे, असा क्रम असतो. वारंवार प्रवास करावा लागणाऱ्यांनी, माझ्या मते, हाच मार्ग धरावा.