दिवाळी ते पोळा: अंगणात आणि वावरात वाजवलेला स्पीकर

यूट्यूबवर स्पीकरचे जेवढे रिव्ह्यू पाहिले, त्या सगळ्यांत स्पीकर टेबलावर ठेवलेला असतो, मागे भिंत असते आणि हातभर अंतरावर बसून माणूस बेसबद्दल बोलत असतो. आमच्याकडे स्पीकर अंगणात वाजतो, नाहीतर वावरात. म्हणून हा लांबलचक अनुभव. गाव वर्धा जिल्ह्यात, आर्वीकडे. पिकं कापूस, तूर आणि थोडा हरभरा. स्पीकर २०२४च्या दिवाळीत घेतला. आता पोळा होऊन गेलाय आणि या काळात तो घरात कमी, बाहेरच जास्त राहिला.

कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढे सर्व्हिसबद्दल थोडी कुरकुर आहे. तसंही तीन हजारांच्या आत मिळणारे हे डबे एकमेकांचे भाऊच असतात. ३० वॉट, समोर दोन ३ इंची ड्रायव्हर (आवाज काढणारे पडदे), दोन्ही टोकांना पॅसिव्ह रेडिएटर (बेस वाढवणारे, तार नसलेले पडदे), ब्लूटूथ, ऑक्स (तारेने जोडायचं भोक), पेनड्राइव्ह, मेमरी कार्ड, एफएम आणि एक माइकचं भोक. वर धरायला कडी. ही कडी क्षुल्लक वाटते, पण मोटरसायकलच्या हँडलला अडकवून नेता येतं, एवढ्यासाठीच मी दोन चांगले पर्याय सोडले.

आवाजाचं आधी सांगतो. पहिल्या दिवशी खोलीत लावला तेव्हा खरंच छाती हलली. त्याच संध्याकाळी अंगणात ठेवला तर अर्धा बेस गायब. स्पीकर तोच, गाणं तेच. खोलीत भिंती आवाज परत फेकतात, जाड आवाज कोपऱ्यात साचतो. उघड्यावर परत फेकायला काहीच नाही, आणि अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. बाजेवरून उठून गोठ्यापर्यंत गेलं की फक्त टाळ्या आणि शिट्ट्यांसारखं काहीतरी उरतं. उपाय फुकटातला आहे: स्पीकर अंगणाच्या मधोमध ठेवायचा नाही, ओसरीच्या कोपऱ्यात दोन भिंतींना लागून खाली जमिनीवर ठेवायचा. बेस बराचसा परत येतो. इक्वलायझरच्या ॲपपेक्षा या कोपऱ्याने जास्त काम केलं.

आणखी एक गोष्ट हळूहळू लक्षात आली. नवी गाणी, ज्यांत सगळा जोर ४०-५० हर्ट्झच्या धमधमीवर असतो, ती या स्पीकरवर उघड्यात पोकळ वाटतात. ३ इंची ड्रायव्हर तिथपर्यंत उतरतच नाही, आणि आवाज फुल केला की आतली चिप ड्रायव्हर फाटू नये म्हणून बेस आणखी कापते. उलट जुनी हिंदी गाणी, मोनोत रेकॉर्ड झालेली, ज्यांत गाणाऱ्याचा गळा आणि ढोलक पुढे, ती लांबवर स्वच्छ ऐकू येतात. एका डब्याच्या स्पीकरमध्ये स्टिरिओ तसाही नावापुरता असतो, त्यामुळे मोनो गाण्याचं काही बिघडत नाही. मला स्वतःला इलेक्ट्रॉनिक ऐकायला आवडतं, ते मी आता तारेच्या इअरफोनवर ऐकतो. शेजारचे काका मात्र पहिल्याच आठवड्यात निकाल देऊन मोकळे झाले होते: "अबे, हे धमधम कमी कर ना बे, मानसाचा आवाज आयकू दे."

माणसाचा आवाज हीच याची खरी जागा आहे. फेब्रुवारीच्या शेवटी नागपूरजवळ जामठ्याला विदर्भ-केरळ रणजी फायनल चालू होती आणि इकडे हरभरा सोंगणं चालू होतं. मोबाइल खिशात, स्पीकर धुऱ्यावरच्या बोरीखाली. विदर्भाच्या दानिश मालेवारच्या १५३ धावा आम्ही अशा वाकून ऐकल्या. कॉमेंट्रीचा शब्द न् शब्द पार दुसऱ्या टोकापर्यंत जात होता. ब्लूटूथ मात्र मोबाइलवाला लांब गेला की तुटायचा. कागदावर १० मीटर लिहिलंय, मध्ये माणसाचं अंग आलं की त्याहून कमी. शेवटी मोबाइलही बोरीखालीच ठेवला. विदर्भाने तिसऱ्यांदा रणजी जिंकली, स्पीकरचा त्यात वाटा नाही, पण मजुरी करणाऱ्या बायांनासुद्धा त्या आठवड्यात विदर्भाचा फलंदाज करुण नायर माहीत झाला होता.

टीव्हीला ब्लूटूथने जोडू नका. ओठ आधी हलतात, आवाज मागून येतो. ऑक्सची तार लावा, विषय संपला.

एफएमबद्दल फार आशा ठेवू नये. आमच्या गावात केंद्रं खरखरत येतात. चार्जिंगची केबल लावली की ती अँटेनाचं काम करते आणि जरा सुधारतं, एवढंच. बाबांना आकाशवाणी नागपूर लागतं. ते ५८५ किलोहर्ट्झ मीडियम वेव्हवर, आणि मीडियम वेव्ह आजकालच्या बहुतेक ब्लूटूथ स्पीकरांत नसतं, यातही नाही. त्यामुळे त्यांचा जुना ट्रान्झिस्टर अजून खिडकीत आहे. माझ्या मोबाइलवर आकाशवाणीचं ॲप लावून स्पीकरवर ऐकवलं, तर म्हणाले, आवाज चांगला आहे पण बातम्या उशिरा येतात. खरंच काही सेकंद उशिरा येतात. दोन्ही एकदम लावले की घरात एक बातमी दोनदा ऐकू येते.

आता पेनड्राइव्ह. शहरातले रिव्ह्यूवाले हे भोक दाखवतात आणि पुढे जातात. गावात हेच मुख्य. २०१६मध्ये जिओ आलं आणि बाजारातल्या मोबाइल दुकानात पैसे देऊन मेमरी कार्ड भरून आणायचा धंदा बसला, पण ती कार्डं कोणी फेकली नाहीत. घरोघरी एक डबी असते, त्यात तीन-चार कार्डं, एकावर स्केचपेनने 'लग्न' लिहिलेलं. पोरं ती घेऊन येतात. इथे दोन अडचणी. पहिली, ६४ जीबीची नवी कार्डं एक्सफॅटमध्ये येतात आणि हा स्पीकर फक्त फॅट३२ वाचतो. कार्ड टाकलं की नुसता लुकलुकत बसतो. ३२ जीबीचं घ्या किंवा कॉम्प्युटरवर फॉरमॅट करून घ्या. दुसरी, गाणी नावाच्या क्रमाने वाजत नाहीत, ज्या क्रमाने कॉपी केली त्या क्रमाने वाजतात. भजनांच्या मधोमध 'डीजे मिक्स २ फायनल' सुरू झालं आणि आजी टाळ घेऊन बसलेली होती, तेव्हा हे कळलं. कार्ड रिकामं करून हव्या त्या क्रमाने परत भरलं की ठीक होतं.

वावरातला उपयोग मात्र मी घेताना डोक्यातही नव्हता. शेतीच्या फिडरला (शेतपंपांच्या वीजवाहिनीला) थ्री-फेज लाइन आळीपाळीने येते, काही दिवस रात्रीची. रात्री ओलिताला जावंच लागतं, आणि रानडुकरं व रोही (नीलगायी) यांच्यासाठी जागल वेगळी. आमच्याकडे बरेच जण माणसांच्या ओरडण्याचं, कुत्री भुंकण्याचं रेकॉर्डिंग रात्रभर वाजवत ठेवतात. ब्लूटूथवर हे जमत नाही, कारण पंधरा-वीस मिनिटं काही वाजलं नाही की स्पीकर स्वतःच बंद होतो, आणि मोबाइलचीही बॅटरी जाते. पेनड्राइव्हवर लूप लावला तर चालतो. पण एकच आवाज सारखा वाजला तर डुकरं आठवडाभरात ओळखतात आणि स्पीकरच्या पलीकडच्या ओळींत खुशाल तूर मोडतात. चुलतभावाने त्यात युक्ती केली: भुंकणं, मग पाच मिनिटं शांतता, मग कोणाचं तरी भाषण, मग फटाके, अशा वेगवेगळ्या लांबीच्या फाइल करून शफलवर टाकल्या. आणि स्पीकर रोज जागा बदलून ठेवायचा. याने फरक पडला. रोही मात्र ढिम्म हलत नाहीत, त्यांच्यासाठी माणूसच लागतो.

रात्रीच्या या वापरात एक गोष्ट डोक्यात जाते. चालू करताना, मोड बदलताना, बॅटरी उतरताना आतून एक बाई इंग्रजीत ओरडते, आणि तिचा आवाज कमी होत नाही. गाणं कितीही हळू असो, ती फुल. पहाटे घरी येऊन स्पीकर चार्जिंगला लावला की सगळं घर जागं. "त्या बाईले चूप कर ना रे," आई रोज म्हणते. तिला गप्प करायचं बटण कंपनीने दिलेलं नाही.

बॅटरी. खोक्यावर १० तास लिहिलंय, बारीक अक्षरांत 'अर्ध्या आवाजावर'. कानाला आवाज दुप्पट वाटायचा तर साधारण दहापट पॉवर लागते, त्यामुळे अंगणात फुल आवाजावर चार तासांच्या आसपास हिशोब धरा. वावरात मी फवारणी पंपाच्या १२ व्होल्टच्या बॅटरीला गाडीचा यूएसबी चार्जर जोडून चार्ज करतो, चालतं.

खरी परीक्षा मे महिन्याची. आमच्याकडे पारा ४५ ओलांडतो, टिनाच्या खोलीत त्याहून जास्त. लिथियम बॅटरीला ४५ अंशांच्या वर चार्जिंग मानवत नाही, आणि या स्पीकरने दुपारी चार्ज व्हायला सरळ नकार दिला. लाल दिवा लुकलुकायचा, बस. आधी वाटलं बिघडला. संध्याकाळी माठाशेजारी थंड फरशीवर ठेवला तर आपोआप सुरू. हे मी गुणात धरतो. गपगुमान चार्ज होऊन फुगलेले मोबाइल या गावात कमी नाहीत. तरी उन्हाळ्यानंतर बॅटरी आधीइतकी टिकत नाही, हेही खरं.

खोक्यावर आयपीएक्स५ मोठ्या अक्षरांत छापलंय. ५ म्हणजे पाण्याची धार सोसतो, आणि पावसात तो भिजला, काही झालं नाही. पण त्या एक्सकडे बघा. तिथे धुळीचा आकडा असतो, आणि एक्स म्हणजे धुळीची चाचणी केलेलीच नाही. कापसाच्या मुलखात पाण्यापेक्षा धूळ आधी मारते. वेचणीच्या दिवसांत ज्या खोलीत कापूस भरला तिथेच स्पीकर होता. महिन्याभरात पुढच्या कापडी जाळीवर पांढरी लव बसली आणि आवाज कांबळ पांघरल्यागत दबला. रंगाचा कोरडा ब्रश घेऊन जाळी साफ केली, आत मात्र जाता येत नाही. पुढच्या वेळी आयपी६७ (त्यातला ६ धुळीचा) शिवाय घेणार नाही, पैसे जास्त गेले तरी.

माइकचं भोक हे मी चेष्टेचं समजत होतो. तुकडोजी महाराजांच्या श्रीगुरुदेव सेवा मंडळाच्या सामुदायिक प्रार्थनेला मंडळींनी स्पीकर मागितला, तेव्हापासून तो अर्धा त्यांचाच आहे. खंजेरीची थाप यावर फार सुंदर वाजते, चामड्याचा 'टप्' आणि झांजांची किणकिण वेगवेगळी कळते. मोठ्या भाड्याच्या डीजेवर ती सगळी एकत्र कालवली जाते. इको शून्यावर ठेवा, नाहीतर शब्द शब्दावर चढतात. माइक स्पीकरच्या मागे धरा, समोर गेलात की चीं करून ओरडतो. पोळ्याला तोरणाखाली झडत्या (पोळ्याची सवाल-जवाबाची गाणी) म्हणायला हाच माइक होता. बैलं बुजतील म्हणून आवाज अर्ध्यावर ठेवला, तरी शेवटच्या जोडीपर्यंत ऐकू गेलं, आणि झडतीला झडतीने उत्तर द्यायला पलीकडच्या आळीतल्या म्हाताऱ्यांनी माइक हिसकून घेतला.

सर्व्हिसचं थोडक्यात. चार्जिंगच्या भोकावरचं रबरी झाकण फाटलं आणि मेमरी कार्डाचा खाचा सैल झाला. कस्टमर केअरने पिनकोड विचारला आणि पिकअप मिळणार नाही म्हणाले, नागपूरला आणून द्या. झाकणाच्या जागी सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवलाय, कंपनीच्या रबरापेक्षा घट्ट बसतो. कार्डाऐवजी पेनड्राइव्ह वापरतो. वॉरंटी दिवाळीपर्यंत आहे, पण नवरात्र त्याच्या आधी येतं आणि मंडळाने स्पीकर आत्ताच सांगून ठेवलाय. म्हणजे नागपूरला न्यायला मधले जेमतेम पंधरा-वीस दिवस, तेही वेचणीच्या तोंडावर.